नाशिकच्या छोट्या वायनरीची व्हाईट वाईन कशी घ्यायची, कशी प्यायची

दिंडोरीकडे गेलात तर मोठ्या गेटवाल्या ठिकाणीच गर्दी करू नका, छोट्या वायनरीत पण टेस्टिंग मिळतं आणि शनिवार-रविवार सोडून गेलं तर माणसं निवांत बोलतात. सुरुवात शेनिन ब्लां या व्हाईट वाईनपासून करा, जरा फळांच्या चवीची असते, बजेटमध्ये पण बसते. मग सोव्हिन्यो ब्लां, ती जास्त आंबट आणि हिरव्या ढोबळी मिरचीसारख्या वासाची.

वाईन बॅलन्स्ड, म्हणजे आंबटपणा-गोडवा जुळलेली, आहे का हे कसं ओळखायचं? घोट घेतल्यावर तोंडाला पाणी सुटलं पाहिजे पण दात आंबायला नकोत, आणि गोडवा जिभेवर पाकासारखा चिकटून बसला तर बाटली घेऊ नका, सरळ पुढची चाखा. लेबलवरचं वर्ष (द्राक्षतोडणीचं) बघाच, आपल्याकडे द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, आणि या वाईन ताज्याच छान लागतात, चार-पाच वर्षं जुनी डिस्काउंटमध्ये मिळतेय म्हणून उचलू नका.

घरी फ्रीजमध्ये २-३ तास, मग १० मिनिटं बाहेर. बर्फ टाकू नका प्लीज (माझा मेव्हणा टाकतो, काय करणार). सोबत शेनिनला कोथिंबीर वडी, सोव्हिन्योला पापलेट फ्राय. उरली तर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये, २-३ दिवसांत संपवा.