पावसाळ्यात कल्पिटियाला काइट घेऊन निघताना

आधी तारखा ठरवा, बाकी सगळं नंतर. आपल्याकडे गोव्यात जून लागला की समुद्र बंद. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरसुद्धा जेटीला बांधलेले असतात, मग काइटसर्फिंगचं, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावर सरकण्याचं, नाव कोण काढणार? पण जो नैर्ऋत्य मोसमी वारा आपल्याला भिजवतो, तोच श्रीलंकेच्या वायव्य कोपऱ्यात पुत्तलम जिल्ह्यात पोचेपर्यंत बराचसा कोरडा झालेला असतो. तिथे वाहतो जोरात, पाऊस मात्र फारसा देत नाही. म्हणून मे ते ऑक्टोबर हा कल्पिटियाचा मोसम. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत ईशान्येचा दुसरा मोसमही असतो, पण फेब्रुवारीनंतर दुपारचा वायव्येचा वारा मोरजी-आश्व्याला घरबसल्या मिळत असताना विमानाचे पैसे कशाला घालवायचे?

चवथीच्या आधी परत या. गटात एक जरी घरगुती गणपतीवाला असला तरी तो आठवडाभर आधीपासून अस्वस्थ होतो आणि इतरांचा वारा खराब करतो. दुसरं, तारखा धरताना पौर्णिमा बघा. श्रीलंकेत दर पौर्णिमेला पोयाची सुट्टी असते आणि त्या दिवशी दारूविक्री बंद. गोव्याच्या माणसाला हे आधी सांगितलेलं बरं.

काइटचा आकार. मोरजीला बारा-चौदा नॉटवर १२ किंवा १४ चौरस मीटरची काइट उडवायची सवय लागलेली असते. तिथे दुपारी अठरा ते पंचवीस नॉट ही साधी गोष्ट आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दहाचे वीस नॉट झाले की ओढ दुप्पट नाही, चौपट. पंचाहत्तर किलोच्या माणसाने ९ मुख्य धरावी, सोबत १२ किंवा ७, वजनाप्रमाणे. १४ची घरी ठेवा. “असू दे, वारा पडला तर” म्हणून नेलेली काइट बॅगेतच फिरून येते आणि वजनाचे पैसे मात्र खाते. अजून शिकत असाल तर काहीच नेऊ नका, तिथे सगळं भाड्याने मिळतं. फक्त आयकेओचं (काइट शिकवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं) कार्ड घ्या, म्हणजे कुठल्या पायरीपासून शिकवायचं यावर पहिला दिवस जात नाही.

आता स्क्रू. बोर्ड गोल्फ बॅगेत, म्हणजे सामानाच्या लांब बॅगेत, बसवायचा तर फिन (बोर्डाखालचे छोटे पंख) काढाव्या लागतात, पायाचे पट्टे आणि पॅडही काढावे लागतात. ते सगळं एम-६च्या स्क्रूंवर बसलेलं असतं. फिनचे आखूड, पॅडचे लांब, आणि नेमकी लांबी बोर्डाच्या जाडीप्रमाणे बदलते. माझे स्क्रू म्हापशाला स्वयंपाकघराच्या ओट्यावर, स्टीलच्या वाटीत राहिले होते. सोललेली लसूण ठेवतात त्या वाटीत. बाकी काही म्हणजे काही विसरलो नव्हतो. फिनशिवाय एखादा तरबेज माणूस कसाबसा निभावून नेईल, पण पॅडशिवाय बोर्ड म्हणजे नुसती फळी, आणि समोर वीस नॉटचा वारा चाललेला. म्हणून आत्ताच, हे वाचता वाचता उठा. झिपवाली छोटी पिशवी, त्यात सगळे स्क्रू, वॉशर आणि प्रत्येक लांबीचे दोन-दोन जास्तीचे. स्टेनलेसचेच घ्या, साधे लोखंडी खाऱ्या पाण्यात गंजून बोर्डातच बसतात. ती पिशवी बोर्डाच्या हँडलला बांधा. खिशात नको, पाकिटात नको, “वर ठेवतो, निघताना घेतो” तर अजिबात नको. फुलीच्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हरही तिथेच, आणि ती बॅग चेक-इनमध्ये जाऊ द्या. हातातल्या सामानात स्क्रूड्रायव्हर सुरक्षा तपासणीत अडकतो.

विमान. गोव्याचा विमानतळ मोपा असो की दाभोळी, कोलंबोला जायचं तर बंगळूर, चेन्नई किंवा मुंबईला विमान बदलावं लागेल असं धरून चला. दोन टप्प्यांची तिकिटं वेगवेगळी काढलीत की फसलात. देशांतर्गत टप्प्यावर साधारण १५ किलोच मिळतात, पुढच्या टप्प्यावर किती का जास्त मिळेनात. दोन काइट, बार (काइट आवरायचा दांडा), पंप, हार्नेस (कमरेचा पट्टा) आणि बोर्ड मिळून वीस किलोच्या पुढे सहज जातं. एकाच तिकिटावर सगळा प्रवास काढा आणि खेळाच्या सामानाची नोंद तिकीट काढतानाच करा. काउंटरवर जाऊन हुज्जत घालणाऱ्यांच्या मागे मी रांगेत उभा राहिलेलो आहे, नको ते. बॅगेची लांबीही सांगा, नुसतं वजन नको. पॉवर बँक केबिनमध्ये, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

कागद. पासपोर्ट सहा महिने तरी बाकी असलेला. ई.टी.ए. (श्रीलंकेत शिरायची इलेक्ट्रॉनिक परवानगी) निघण्याआधी ऑनलाइन, तोही सरकारी संकेतस्थळावरूनच. हुबेहूब दिसणारी दलालांची पानं पुष्कळ आहेत, ती जास्त पैसे घेतात. विमा काढताना “साहसी खेळ” एवढ्यावर समाधान मानू नका, काइटसर्फिंग धरलंय का ते लेखी विचारा. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं आणि ते बारीक अक्षरं लावून वाचल्यावरच कळतं.

कातुनायकेच्या विमानतळावरून कल्पिटिया रस्त्याने तीन-साडेतीन तास. गाडी आधी ठरवा, मोठी सांगा. रात्री पोचणार असाल तर वाटेत निगोम्बोला मुक्काम करून सकाळी निघा.

लगूनबद्दल एकच गैरसमज काढतो. सपाट, उथळ पाणी बघून लोक सैल सुटतात. कमरेएवढं पाणी शिकायला उत्तम, उडी मारून उलटं पडायला वाईट. खाली शिंपल्यांचे तुकडे असतात, मासेमारांच्या जाळ्या आणि रोवलेल्या काठ्या असतात. पातळ रबराचे बूट घ्या, तळवा एकदा फाटला की सुट्टी संपली. कालवं काढायला खाडीत उतरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मासेमारांची होडी येत असली तर काइट बाजूला घ्या. ते कामावर आहेत, आपण नाही. वेल्ला बेटाच्या वाळूच्या पट्टीकडे वाऱ्यासोबत जायचं असेल तर होडी सोबत हवीच, आणि निघण्याआधी स्क्रू आवळलेत का? रोज सकाळी आवळा, पाण्यात ते सैल होतात. भर पाण्यात फिन गळून पडली तर शोधत बसणार का? जास्तीचे दोन स्क्रू म्हणूनच सांगितले. ते होडीत असू द्या, खोलीत नव्हे.

सुरक्षेचं बहुतेकांना ठाऊक असतं, तरी क्विक रिलीज (काइटची ओढ झटक्यात सोडणारी कळ) रोज एकदा खरोखर ओढून बघा. त्यात वाळू अडकते आणि ऐन वेळी ती हलत नाही. काइटच्या लाइन (दोऱ्या) समान आहेत का तेही ताणून बघा. नव्या लाइनही हळूहळू ताणल्या जातात, त्याही सगळ्या सारख्या नाहीत. पंपाच्या नळीचं तोंड तुमच्या काइटच्या झडपेला बसतं का ते घरी तपासा, कंपनीगणिक वेगळं असतं. ब्लॅडरचे (काइटमधल्या हवेच्या नळीचे) ठिगळ आणि ठिगळाआधी पुसायला थोडं अल्कोहोल घ्या.

ऊन. पूर्ण बाह्यांची लायक्रा, झिंकवालं क्रीम, ओठांनाही. पाणी पीत राहा. डासांचं मलम, आयोडीन, कानाचे थेंब. चार्जरला इंग्रजी चौकोनी पायांचा अडॅप्टर एखादा असू दे, काही खोल्यांत तोच लागतो.

वारा पडलेल्या दिवशी डॉल्फिन बघायला होडी, डच किल्ला, विल्पत्तूचं जंगल. वेळ जातो.

परतताना शेवटच्या दुपारी पाण्यात जायचा मोह आवरा. काइट गोड्या पाण्याने धुऊन तिथल्याच वाऱ्यात कडक वाळवा आणि मगच घडी घाला. गोव्यात ऑगस्टमध्ये रुमाल वाळत नाही, काइट काय वाळणार? ओलीच घडी घातलीत तर आठवड्यात शिवणीवर बुरशी येते. स्क्रू काढलेत की लगेच त्याच पिशवीत, मोजून. आणि मोप्याच्या टॅक्सीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की बॅग लांब आहे, कॅरियर लागेल आणि ताडपत्रीही.