एनबीए संघाने पुढच्या हंगामात कोणाला घ्यावं, हे कसं ठरवाल?

जूनमध्ये एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, अंतिम मालिका संपली की चाहत्यांच्या याद्या सुरू होतात. आमच्या संघाने याला घ्यावं, त्याला घ्यावं. या याद्यांची सुरुवात बहुतेक वेळा बाजारात कोण मोठं नाव आहे इथून होते, आणि संघाला नेमकं काय कमी पडलं हा प्रश्न मागे राहतो. चांगली यादी करायची असेल तर हा क्रम उलटा करा. तुमचा संघ कुठलाही असो, पुढची पद्धत लागू पडते.

1. आधी पराभव नीट बघा

संघ ज्या मालिकेत हरला तिच्यातले दोन-तीन सामने पुन्हा पाहा, विशेषतः चौथा क्वार्टर. प्लेऑफपर्यंत, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांपर्यंत, पोचलाच नसेल, तर बलाढ्य संघांविरुद्धचे सामने पाहा. पाहताना चेंडूवरून नजर काढा आणि तीन गोष्टी टिपा. प्रतिस्पर्ध्याने आपल्या कोणत्या खेळाडूला मोकळं सोडलं? बचावात कोणाला शोधून शोधून लक्ष्य केलं? आणि आपला मुख्य खेळाडू विश्रांतीला बसला की त्या चार-पाच मिनिटांत काय झालं?

ओक्लाहोमा सिटी थंडरच्या 2024 च्या उन्हाळ्याइतकं चांगलं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर दुसरं नाही. त्या हंगामात त्यांनी 57 सामने जिंकले, वेस्टर्न कॉन्फरन्समध्ये पहिले आले आणि दुसऱ्याच फेरीत डॅलस मॅव्हरिक्सकडून 4-2 ने हरले. डॅलसने थंडरच्या जॉश गिडीला बाहेर मोकळं सोडलं. त्याच्यावरचा बचावपटू रिंगजवळ जाऊन उभा राहायचा, त्यामुळे थंडरचा मुख्य खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर आत घुसला की समोर गर्दी. पाचव्या सामन्यात गिडीला सुरुवातीच्या पाचांमधून काढावं लागलं. दुसरी अडचण रिबाउंडची, म्हणजे हुकलेल्या फटक्यानंतर चेंडू पकडण्याची. थंडरचा चेट होल्मग्रेन उंच आहे पण सडपातळ, आणि धिप्पाड सेंटर (रिंगजवळ खेळणारे उंच खेळाडू) अंगावर आले की संघाची ओढाताण व्हायची. नियमित हंगामातही रिबाउंडमध्ये थंडर तळाच्या संघांत होते.

त्यांनी कोणाला घेतलं ते बघा. गिडी शिकागोला देऊन ॲलेक्स करूसो आणला आणि आयझाया हार्टनस्टाइनला करारबद्ध केलं. दोघांपैकी एकही ऑल-स्टार नाही. करूसो उत्तम बचावपटू आहे आणि मोकळा सोडला तर बाहेरून शिक्षा देतो. हार्टनस्टाइन सात फुटी, रिबाउंड घेणारा आणि हाय पोस्टवरून, म्हणजे फ्री थ्रो रेषेजवळून, पास देणारा सेंटर. दोन भोकं होती, ती दोन खेळाडूंनी बुजवली. पुढच्या हंगामात 68 विजय आणि विजेतेपद. त्या प्लेऑफमध्ये डेन्व्हरविरुद्धच्या मालिकेतल्या सातव्या सामन्यात तर 6 फूट 5 इंचाचा करूसो डेन्व्हरच्या धिप्पाड सेंटरसमोर, निकोला योकिचसमोर, उभा राहिला. पास त्याच्यापर्यंत पोचूच नये म्हणून हात मध्ये घालत राहिला, मागून ढकललं तरी जागा सोडली नाही. थंडरने तो सामना 125-93 असा जिंकला.

या पायरीच्या शेवटी एक-दोन वाक्यं लिहा आणि त्यांत कोणाचंही नाव घालू नका. उदाहरणार्थ, ‘मोकळा सोडता येणार नाही असा, प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम गार्डला अडवणारा विंग हवा.’ (गार्ड म्हणजे चेंडू हाताळून खेळ रचणारा, विंग म्हणजे बाजूने खेळणारा.) अशा वाक्यात नाव शिरलं की पुढचा सगळा शोध त्याच नावाचं समर्थन करत बसतो.

2. 240 मिनिटांचा तक्ता मांडा

एक सामना 48 मिनिटांचा, मैदानावर पाच खेळाडू. म्हणजे वाटायला एकूण 240 मिनिटं. कागदावर परत येणाऱ्या खेळाडूंची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे अपेक्षित मिनिटं. मुख्य खेळाडूला 34-36, सुरुवातीच्या पाचांतल्या इतरांना 28-32, राखीव खेळाडूंना 15-22. बेरीज करा. 190 झाली, तर तुमच्याकडे 50 मिनिटं शिल्लक आहेत, म्हणजे साधारण दोन खेळाडूंची जागा. 235 झाली, तर नवा माणूस आणायला कोणाची तरी मिनिटं कापावी लागतील. कोणाची, ते नाव घेऊन सांगा. हे न सांगता केलेली मागणी अर्धवट राहते.

प्लेऑफमध्ये प्रशिक्षक सात-आठ जणांवरच भिस्त ठेवतात. त्यामुळे नववा-दहावा खेळाडू कोण असावा यावर फार वेळ घालवू नका.

याच तक्त्यात चेंडू कोणाच्या हातात किती वेळ राहणार हेही लिहा. फिनिक्स सन्सने 2023 मध्ये केव्हिन ड्युरंट आणि डेव्हिन बुकर यांच्या जोडीला ब्रॅडली बील आणला. तिघेही उत्तम स्कोअरर, पण तिघांनाही चेंडू हातात हवा. तिघांच्या पगारात तिजोरी रिकामी झाली आणि बाकी संघ बराचसा किमान पगाराच्या करारांवर उभा करावा लागला. 2024 मध्ये पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून 4-0, आणि त्यापुढच्या हंगामात 36 विजय, 46 पराभव.

3. संघाच्या खिशात काय आहे ते पाहा

चाहत्यांच्या याद्या सर्वांत जास्त इथे कोसळतात. एनबीएमध्ये नुसता पैसा असून भागत नाही, तो खर्च करायची मुभाही लागते. 2025-26 हंगामात पगाराची मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, 15 कोटी 46 लाख डॉलर होती. ती ओलांडता येते, पण ठरावीक सवलतींनीच. 18 कोटी 79 लाखांच्या वर गेलं की लक्झरी टॅक्स. त्यापुढे दोन रेषा आहेत, फर्स्ट एप्रन 19 कोटी 59 लाखांवर आणि सेकंड एप्रन 20 कोटी 78 लाखांवर. हे आकडे दर हंगामात बदलतात, म्हणून नव्या वर्षाचे आकडे घेऊनच हिशोबाला बसा.

मग आपला संघ कोणत्या खान्यात बसतो ते ठरवा.

कॅपच्या खाली असाल, तर मोकळ्या खेळाडूला, म्हणजे करार संपलेल्या फ्री एजंटला, थेट करार देता येतो. हार्टनस्टाइन न्यूयॉर्कमधून ओक्लाहोमाला गेला तो याच कारणाने. न्यूयॉर्ककडे त्याला ठेवायचे हक्क अपुरे होते (या हक्कांबद्दल थोडं पुढे) आणि त्यांना जास्तीत जास्त चार वर्षांचे 7 कोटी 25 लाख डॉलर देता येत होते. थंडरकडे कॅपमध्ये जागा होती, त्यांनी तीन वर्षांचे 8 कोटी 70 लाख दिले.

कॅपच्या वर पण एप्रनच्या खाली असाल, तर मुख्य हत्यार मिड-लेव्हल एक्सेप्शन, म्हणजे कॅप ओलांडून ठरावीक रकमेपर्यंत करार करायची सवलत. 2025-26 मध्ये त्याचा पहिल्या वर्षाचा पगार 1 कोटी 41 लाखांपर्यंत जात होता. तो वापरला की संघ फर्स्ट एप्रनखाली अडकतो, पुढे वर्षभर ती रेषा ओलांडता येत नाही. फर्स्ट एप्रन ओलांडलेल्या संघाला सुमारे 57 लाखांची छोटी आवृत्ती मिळते.

सेकंड एप्रनच्या वर असाल तर तीही गेली. शिवाय दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक महाग खेळाडू आणता येत नाही, आणि व्यवहारात रोख रक्कमही देता येत नाही. अशा संघाच्या यादीत किमान पगारावर येणारे अनुभवी खेळाडू, एकास एक अदलाबदल आणि ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) एवढंच शिल्लक राहतं. तुमचा संघ इथे असेल तर यादीतली अर्धी नावं आत्ताच खोडा. वाईट वाटतं, पण पुढचा वेळ वाचतो.

आपल्याच खेळाडूंचे हक्कही याच पायरीत तपासा. सलग तीन हंगाम संघात असलेल्या खेळाडूला कॅप ओलांडूनही ठेवता येतं, त्याला बर्ड राइट्स म्हणतात. डेन्व्हरने 2022 मध्ये ब्रूस ब्राउनला छोट्या सवलतीतून घेतलं आणि 2023 च्या विजेतेपदात त्याचा मोठा वाटा होता. पण एकाच वर्षात तो मोकळा झाला, तेव्हा डेन्व्हर त्याला सुमारे 78 लाखच देऊ शकत होतं. इंडियानाने दोन वर्षांचे साडेचार कोटी पुढे केले. त्याला थांबवण्याचा मार्गच नव्हता. म्हणून नवा खेळाडू सुचवताना तो वर्षभराने निघून जाऊ शकतो का, हे करारातच पाहून ठेवा.

4. उमेदवारांची कसून तपासणी

पहिल्या पायरीतलं वाक्य समोर ठेवून सहा-आठ नावं काढा. आता प्रत्येकाची परीक्षा.

नेमबाजीसाठी नुसती थ्री-पॉइंटरची टक्केवारी बघू नका. वर्षात दीडशे प्रयत्नांवरचे 40 टक्के फसवे असू शकतात. तीन-चार हंगाम मिळून किती प्रयत्न केले आणि किती गेले ते पाहा. फ्री थ्रोची टक्केवारीही जोडीला घ्या. फ्री थ्रो सातत्याने 80 टक्क्यांच्या वर जात असतील, तर हात चांगला आहे असं समजायला आधार मिळतो. फटके कुठून येतात हेही महत्त्वाचं. थ्री-पॉइंटची कोपऱ्यातली रेषा रिंगपासून 22 फुटांवर आहे, समोरची 23 फूट 9 इंचांवर. फक्त कोपऱ्यातून टाकणारा खेळाडू तुमच्या संघात आला आणि तो कोपरा आधीच दुसऱ्याने धरलेला असला, तर त्याचा अर्धा उपयोग गेला.

बचावासाठी आकडे कमी, डोळे जास्त वापरा. प्लस-मायनससारखे आकडे (खेळाडू मैदानावर असताना संघ किती गुणांनी पुढे-मागे गेला) सोबत कोण खेळतंय यावर फार हलतात. स्टील (चेंडू हिसकावणं) आणि ब्लॉक (फटका अडवणं) हेही फसवतात, कारण जुगार खेळून जागा सोडणाऱ्याचेही ते वाढतात. त्यापेक्षा दहा मिनिटं फक्त त्याच खेळाडूकडे बघा. स्क्रीन लागल्यावर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने अंग आडवं घालून वाट अडवल्यावर, तो वर येतो की मागे राहतो? स्वतःचा माणूस चेंडूपासून लांब असताना मदतीला कधी निघतो आणि परत कधी पोचतो? चूक झाल्यावर धावतो का? मला विचाराल तर या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही तक्त्यापेक्षा मोलाचं आहे.

आणि भूमिका. हरणाऱ्या संघात सरासरी 20 गुण काढणारा माणूस तुमच्याकडे चौथा पर्याय होणार असेल, तर चेंडू हातात नसताना तो काय करतो हे आधी पाहायला हवं.

5. किंमत मांडा, सोडून दिलेल्यासकट

लॉस एंजलिस लेकर्सचा 2021 चा उन्हाळा अजून सलतो. लेब्रॉन जेम्स आणि अँथनी डेव्हिस यांच्याभोवती नेमबाज आणि बचावपटू हवे होते. संघाने काइल कुझ्मा, केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप, मॉन्ट्रेझ हॅरेल आणि पहिल्या फेरीतला ड्राफ्ट पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचा हक्क) देऊन रसेल वेस्टब्रुकला आणलं. तो महान खेळाडू, पण बाहेरून मारणं ही त्याची कमजोरी आणि त्या वर्षीचा पगार 4 कोटी 42 लाख. त्याच उन्हाळ्यात करूसो, होय, तोच करूसो, चार वर्षांच्या 3 कोटी 70 लाखांवर शिकागोला गेला. त्याला ठेवायचे हक्क लेकर्सकडे होते. पुढच्या हंगामात 33 विजय, 49 पराभव. कॉल्डवेल-पोप तर वर्षभराने वॉशिंग्टनमार्गे डेन्व्हरला पोचला आणि 2023 मध्ये विजेता झाला.

म्हणून प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: कोण जाणार, कोणते पिक जाणार, करार किती वर्षांचा, आणि त्या काळात आपल्या तरुण खेळाडूंचे मोठे करार कधी सुरू होणार. हार्टनस्टाइनच्या तिसऱ्या वर्षाचा निर्णय थंडरने स्वतःच्या हातात ठेवला. होल्मग्रेन आणि जेलन विल्यम्स यांचे मोठे करार नेमके त्याच वर्षी, 2026-27 मध्ये, सुरू होतात. नियोजन असं असतं.

पिक देताना एक नियम विसरू नका. पुढच्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीचा एकही पिक हाती उरणार नाही, असा व्यवहार करता येत नाही. त्याला स्टेपियन नियम म्हणतात. न्यूयॉर्कने 2024 मध्ये मिकाल ब्रिजेससाठी स्वतःचे पिक दिले ते 2025, 2027, 2029 आणि 2031 चे. एकाआड एक वर्ष का, ते यावरून कळेल.

6. समोरच्या संघाच्या खुर्चीत बसा

तुमचा प्रस्ताव समोरच्या संघाचा चाहता म्हणून वाचा. आपल्याला नको असलेले तीन खेळाडू देऊन त्यांचा सर्वोत्तम विंग मागितला असेल, तर तो प्रस्ताव फाडून टाका. ते संघबांधणी नव्याने करत असतील तर त्यांना पिक हवेत; जिंकायच्या तयारीत असतील तर आज खेळणारा माणूस हवा. खेळाडू रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट असेल, तर त्याच्या जुन्या संघाला तुमच्या प्रस्तावाची बरोबरी करून त्याला ठेवता येतं. त्यामुळे रक्कम त्यांना जड जाईल अशीच ठेवावी लागते, आणि ती तुम्हालाही जडच जाते.

7. यादी लिहा आणि ती उघडी ठेवा

प्रत्येक जागेसाठी पहिली पसंती, तिच्या निम्म्या किमतीतला पर्याय आणि किमान पगारावर येऊ शकेल असा एक खेळाडू लिहा. जूनच्या अखेरीस ड्राफ्ट होतो. 30 जूनला मोकळ्या खेळाडूंशी बोलणी सुरू होतात आणि बहुतेक करारांवर सह्या 6 जुलैपासून. पहिल्या दोन दिवसांत निम्मी नावं उडतील. लगेच यादी बदला, पण पहिल्या पायरीतलं वाक्य बदलू नका.

संघाला 15 नियमित आणि 3 टू-वे करार (एनबीए आणि तिच्या खालची लीग अशा दोन्हीकडे खेळणाऱ्यांचे) ठेवता येतात. पंधरावी जागा मुद्दाम रिकामी ठेवण्याची सूचना करायलाही हरकत नाही. फेब्रुवारीत व्यवहारांची मुदत संपल्यावर काही अनुभवी खेळाडू करारातून सुटतात, तेव्हा ती जागा कामी येते. 1 मार्चनंतर जुन्या संघातून मुक्त झालेल्याला मात्र नव्या संघाकडून प्लेऑफ खेळता येत नाहीत.

जुलैत मनासारखं झालं नाही तरी यादी बंद करू नका. 2023 मध्ये मिलवॉकीने डेमियन लिलार्डला आणलं आणि त्या व्यवहारात ड्रू हॉलिडे पोर्टलंडला गेला, तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. पोर्टलंडला तो ठेवायचा नव्हता. बॉस्टनने काही दिवसांतच, 1 ऑक्टोबरला, माल्कम ब्रॉग्डन, रॉबर्ट विल्यम्स आणि पहिल्या फेरीचे दोन पिक देऊन त्याला आणलं, आणि पुढच्या जूनमध्ये विजेतेपद मिळवलं.