ऑफिसचे पीसी डोमेनला जोडताना

डोमेनला, म्हणजे ऑफिसचे सगळे पीसी आणि खाती एका सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, पीसी जोडायला पाच मिनिटं पुरतात. घोडं अडतं ते बहुतेक वेळा डीएनएसवर, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर. म्हणून 'जॉइन'च्या खिडकीकडे जाण्याआधी एवढं उरकून घ्या.

सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे विंडोजची आवृत्ती बघा. 'होम' असेल तर तिथेच थांबा, ती डोमेनला जोडली जात नाही. प्रो, एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन लागते. नवे लॅपटॉप घेताना कोटेशनवरच 'प्रो' लिहून घेतलेलं बरं. याच पानावर पीसीला नाव द्या, १५ अक्षरांच्या आत, आणि रीस्टार्ट करा. लोकल ॲडमिनचा पासवर्डही आत्ताच तपासा. पुढे काही बिनसलं तर आत शिरायला तेवढीच वाट उरते.

आता डीएनएस. समजा डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन चालवणारा सर्व्हर, १९२.१६८.१.१० वर आहे. नेटवर्क कार्डाच्या आयपीव्ही४ प्रॉपर्टीजमध्ये प्रिफर्ड डीएनएस म्हणून हाच आकडा टाका. खालच्या अल्टरनेटच्या चौकटीत 'असू दे' म्हणून ८.८.८.८ टाकायचा मोह होतो. टाकू नका. गूगलच्या त्या सर्व्हरला तुमच्या ऑफिसातलं डोमेन ठाऊक नाही. विंडोज एकदा तिकडे वळलं की 'असं नाव नाही' हे उत्तर प्रमाण मानतं, आणि सकाळी चाललेलं लॉगिन दुपारी रखडतं. दुसरा डोमेन कंट्रोलर असेल तर त्याचा आयपी द्या, नाहीतर चौकट रिकामी ठेवा. बाहेरच्या साइटसाठी ८.८.८.८ हवाच असेल तर तो सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर (सर्व्हरला ठाऊक नसलेली नावं जिथे विचारायची तो पत्ता) म्हणून घाला. सगळं बरोबर असूनही 'डोमेन कंट्रोलरशी संपर्क होत नाही' असंच येत राहिलं तर राउटर आयपीव्ही६ वरून स्वतःचा डीएनएस वाटतोय का ते बघा.

घड्याळही बघा. पीसी आणि सर्व्हरच्या वेळेत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बरॉस, म्हणजे लॉगिनची ओळख पटवणारी यंत्रणा, दाद देत नाही. जुन्या पीसीत याचं कारण बहुधा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल, तो बदला.

मग अबाउटमधल्या 'डोमेन ऑर वर्कग्रुप' वर जा, 'चेंज' दाबा, डोमेन निवडून त्याचं पूर्ण नाव टिंबासकट लिहा आणि जोडण्याचे अधिकार असलेल्या खात्याचा पासवर्ड द्या. स्वागताचा संदेश आला की रीस्टार्ट. साधा युझरही मूळ सेटिंगनुसार १० पीसी जोडू शकतो. अकरावा अडला तर कारण हेच. फॉरमॅट केलेला पीसी जुन्याच नावाने जोडताना 'खातं आधीच आहे, पुन्हा वापरता येणार नाही' असं आलं, तर ते ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटनंतरचं बंधन: ते खातं ज्याने तयार केलं त्याच्याच लॉगिनने जोडा, किंवा नाव बदला.

पहिल्या लॉगिननंतर हमखास ओरड येते, 'माझ्या फायली गेल्या!' गेलेल्या नसतात. डोमेनच्या खात्याला कोरी प्रोफाइल मिळते. जुना डेस्कटॉप सी ड्राइव्हच्या युझर्स फोल्डरमध्ये जुन्या नावाखाली तसाच असतो. तिथून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स कॉपी करा. आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल विसरू नका. शेअर्ड ड्राइव्ह आणि नेटवर्क प्रिंटर मात्र नव्याने जोडावे लागतात.

शेवटचं काम सर्व्हरवर: नवा पीसी 'कम्प्युटर्स' या कंटेनरमध्ये जाऊन पडतो आणि तिथे ग्रुप पॉलिसी (अनेक पीसींना एकदम लागू होणारी सेटिंग्ज) जोडता येत नाही. तो आपल्या विभागाच्या ओयूमध्ये (ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे डोमेनमधला विभागवार कप्पा) हलवा आणि पीसी पुन्हा एकदा रीस्टार्ट करा.