डांबरी वाटेला सील कोट करताय? गोव्यात या चुका टाळा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. फोंडा तालुक्यातल्या आमच्या घराची, गेटपासून पोर्चपर्यंतची ४० मीटरची डांबरी वाट सील कोटने, म्हणजे पाणी आत शिरू नये म्हणून वर देतात त्या पातळ काळ्या थराने, दुपारपर्यंत काळीकुळकुळीत झाली आणि ठेकेदाराची माणसं पैसे घेऊन गेली. रात्री दहाच्या सुमाराला विजा चमकू लागल्या. सकाळी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीत, येऊन पाहते तर तुळशीवृंदावनाभोवती चहासारखं तपकिरी पाणी साचलेलं, पायरीच्या चिऱ्यांवर काळपट ओघळ आणि वाट पुन्हा होती तशी राखाडी.

ते तपकिरी पाणी म्हणजे काय, हे चवथीला आलेल्या मामांनी सांगितलं. मामांची सगळी नोकरी साबांखात (सार्वजनिक बांधकाम खात्यात), रस्त्यांच्या कामावर गेली. आपण बादलीतून ओततो ते इमल्शन असतं, म्हणजे डांबराचे अगदी बारीक थेंब पाण्यात मिसळून ठेवलेले. ओलं असताना ते तपकिरी दिसतं. पाणी निघून गेलं आणि थेंब एकमेकांना चिकटले की काळं होतं. यालाच इमल्शन 'फुटणं' म्हणतात. आमच्या वाटेवर वरची साय तेवढी फुटली होती. माणसांनी एकाच हातात जाड थर ओढला होता, हवा दमट होती, त्यामुळे खालचं इमल्शन ओलंच राहिलं आणि पहिल्या सरीबरोबर तुळशीपर्यंत वाहत गेलं.

या अनुभवानंतर मी या विषयात बरीच खोलात गेले. नंतर शेजारपाजारच्या तीन-चार घरांची कामं जवळून पाहिली. सगळीकडे चुका जवळजवळ त्याच होत्या.

तिकडचा हिवाळा, आपला पावसाळा

सील कोटबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिका-कॅनडातलं. तिथला शत्रू हिवाळा. भेगेत शिरलेलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि भेग रुंद करतं. बर्फ वितळला की आणखी पाणी आत जातं. म्हणून तिथे थंडी सुरू होण्याआधी, हवा १० अंशांच्या वर असेपर्यंत काम उरकायचं असतं. तो सल्ला वाचून आपल्याकडेही काही जण 'हिवाळ्यात सील कोट करू नका' असं सांगतात. गोव्यात ते अगदी उलटं आहे. जानेवारीतही पणजीचं किमान तापमान २० अंशांच्या आसपास राहतं, गोठण्याचा प्रश्नच नाही. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरी-सांगे या घाटालगतच्या तालुक्यांत त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. वाटेची झीज होते ती तेव्हा. आपला हिवाळा म्हणजे कामाचा हंगाम.

दिवाळीच्या आधी घाई करू नका. ऑक्टोबरात परतीच्या सरी येतात, शिवाय चार महिने भिजलेला पाया आतून ओला असतो. डिसेंबर ते मार्चची सुरुवात हा काळ सगळ्यात चांगला. एक गोष्ट मात्र सांभाळा. कुळागराच्या, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेच्या, बाजूला या दिवसांत दव भरपूर पडतं. सकाळी सातला माणसं आली म्हणून त्यांना सातला ब्रश लावू देऊ नका. उन्हाने पृष्ठभाग पूर्ण कोरडा झाला की सुरू करा आणि दुपारी दोन-तीनला हात थांबवा, म्हणजे रात्रीचं दव पडण्याआधी थर फुटून जातो. मेमधलं काम मी आता कुणालाच सुचवत नाही. वळिवाला तारीख नसते.

'सील कोट' म्हणजे नक्की काय, हे न विचारणं

या एका शब्दावरून खूप गोंधळ होतो. आपल्याकडे रस्त्याच्या कामात सील कोट म्हणजे दोन प्रकार. एकात गरम डांबर फवारून त्यावर बारीक खडी पसरतात. दुसऱ्यात डांबरात घोळलेली वाळू किंवा ग्रिट पातळ थरात पसरून रोलर फिरवतात. खाली २० मिलिमीटरचं प्रीमिक्स कार्पेट, म्हणजे डांबरात आधीच घोळलेल्या खडीचा थर, असेल तर हा सील कोट लगेच, त्याच कामात व्हायला हवा, कारण त्या कार्पेटमध्ये मोकळ्या फटी असतात आणि पाणी सरळ खाली उतरतं. 'कार्पेट आता करू, सील कोट पुढच्या वर्षी' असं म्हणणाऱ्या ठेकेदाराला थांबवा. मध्ये एक पावसाळा गेला तर पुढच्या वर्षी सील कोटसाठी कार्पेटच शिल्लक नसेल.

बादलीतला, ब्रशने किंवा रबरी फावड्याने ओढायचा काळा सीलर ही वेगळी गोष्ट. तो घट्ट, बंद पोताच्या डांबरी थरासाठी असतो. त्याला घाई चालत नाही. नव्या डांबरातली हलकी तेलं उडून जायला निदान सहा महिने द्यावे लागतात, नाहीतर वरचा थर नीट धरत नाही आणि खालचं डांबर मऊच राहतं. नव्या वाटेवर पाणी शिंपडा. पाण्यावर तेलाची इंद्रधनुषी कडी दिसली तर अजून थांबा. जुन्या वाटेची परीक्षा याहून सोपी. पेलाभर पाणी ओता. ते थेंबाथेंबाने वाहून गेलं तर आत्ता काहीच करायची गरज नाही. मिनिटभरात मुरून काळा डाग पडला तर वाट तहानलेली आहे, सीलरची वेळ झाली.

खालून येणारं पाणी

मामांनी आमची वाट पाहिली तेव्हा त्यांनी सीलरबद्दल एक शब्द विचारला नाही. पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, एवढंच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. मग ते भर पावसात छत्री घेऊन गेटपर्यंत चालत गेले आणि मला बरोबर नेलं. त्या दहा मिनिटांत जे दिसलं ते कोरड्या दिवसांत कधीच दिसलं नसतं. तुम्हालाही हाच सल्ला देते. सील कोट हिवाळ्यात करायचा असला तरी वाटेचं निरीक्षण आदल्या जुलैत करा.

पहिलं दिसलं ते पागोळ्यांचं. आमच्या कौलारू छपराची वळचण वाटेच्या कडेवर येते. चार महिने तिथे एकाच रेषेत धार पडत राहते. त्या रेषेतलं डांबर धुऊन जाऊन खडी दातांसारखी वर आली होती. तिथे सीलरचे कितीही हात मारले तरी एका पावसात संपले असते. उपाय एकच, छपराला पन्हळ लावून पाणी गटारात सोडणं. आम्ही तेच केलं, आणि सगळ्या खर्चात सार्थकी लागलेला खर्च हाच, असं मला अजून वाटतं.

दुसरं म्हणजे उतार. वाट दोन्हीकडे किंवा निदान एका बाजूला कललेली हवी, दोन ते अडीच टक्के. तीन मीटर रुंदीच्या वाटेला एका बाजूने उतार दिला तर दोन कडांच्या उंचीत सहा ते साडेसात सेंटिमीटरचा फरक पडला पाहिजे. एक सरळ फळी आणि पाणसळ घेऊन कुणालाही मोजता येतं. पाऊस थांबल्यावर तासाभरानेही डबकं उरत असेल, तर तिथे आधी प्रीमिक्स घालून पातळी भरून घ्या. सीलरने खोलगट भाग भरत नाही. जाड ओतलेला सीलर नुसता तडकतो.

तिसरं म्हणजे वाटेची कड. आपल्याकडे बहुतेक घरांच्या वाटेखाली जांभ्याचे तुकडे आणि लाल माती घातलेली असते. जांभा पाणी शोषतो, धरून ठेवतो आणि भिजला की मऊ पडतो. कडेची माती पावसात खचली की डांबराची कड हवेत लोंबते आणि गाडीचं चाक गेलं की तुकडा पडतो. त्या कडेला चिऱ्यांची एक रांग पक्की बसवून घ्या किंवा काँक्रीटची पट्टी ओता, आणि शेजारची माती वाटेपेक्षा थोडी खालीच ठेवा. झाडांना घालायची माती वाटेच्या कडेला चढवून ठेवणं ही आमच्याकडची जुनी सवय होती. त्या मातीने पाणी वाटेवर अडवलं होतं.

एवढं पाहिल्यावर वाटेवरच्या भेगा वेगळ्या दिसायला लागतात. एखादी सरळ, लांब भेग असेल तर ती भरता येते. पण मगरीच्या पाठीसारखं जाळं उठलं असेल, चालताना तिथे वाट किंचित दबत असेल, तर खालचा पाया गेला आहे. तेवढा चौकोन कापून, भिजलेली माती काढून, खडी भरून, दाबून, वर नवं डांबर घालायला हवं. त्यावर सीलर फासून ठेवण्याइतकं फसवं काम दुसरं नाही, कारण दिवाळीपासून शिमग्यापर्यंत ते छान दिसतं.

डांबर नावाच्या दोन वस्तू

मराठीत आपण दोन्हींना डांबर म्हणतो आणि तिथेच चूक होते. रस्त्याचं डांबर म्हणजे बिटुमेन, ते खनिज तेलापासून मिळतं. कोळशापासून निघतं ते कोलटार. कपाटातली डांबरगोळी हे नाव त्याच्यावरूनच पडलं. कोलटारचे सीलर पेट्रोल-तेलाच्या डागांना दाद देत नाहीत म्हणून ते परदेशात खूप खपले. पण त्यांत पीएएच (पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन) प्रकारची संयुगं भरपूर असतात, त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. थर झिजला की तीच धूळ पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात आणि घरात जाते. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने २००६ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये त्यांवर बंदी घातली. आपल्या घरांच्या वाटेपासून विहीर किती लांब असते? आमची तर पंधरा पावलांवर आहे. म्हणून डब्यावर 'बिटुमेन इमल्शन' लिहिलेलंच घ्या आणि कुंपणाच्या खांबांना फासायला आणलेलं कोलटार वाटेवर येऊ देऊ नका. इमल्शनमध्येही प्रकार आहेत. आयएस ८८८७ या भारतीय मानकात एसएस-१ हा हळू फुटणारा प्रकार पातळ फवाऱ्यासाठी आणि भेगांसाठी आहे, एसएस-२ वाळू-पूड मिसळून करायच्या स्लरीसाठी. नुसता फवारा गुळगुळीत पडतो. उताराच्या वाटेला वाळू घातलेली स्लरीच बरी.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा काळा रंग वाटेवर लावलेला मी दोन घरांत पाहिला. पावसात त्यावरून दूधवाल्याची स्कूटर घसरली. आणि गॅरेजमधलं जळकं ऑइल ओतून वाट काळी करण्याचा प्रकार तर पूर्ण बंद व्हायला हवा. तेल डांबराला विरघळवतं. डीझेल आणि रॉकेलचंही तेच.

प्रत्यक्ष काम

साफसफाईत अर्धं काम आहे आणि नेमकी तीच टाळली जाते. फणसाच्या आणि आंब्याच्या सावलीतल्या भागात शेवाळाचा पातळ थर असतो, तो कोरडा झाला की धुळीसारखा दिसतो आणि फसवतो. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने, ताठ ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि पुरते दोन दिवस वाळू द्या. जुन्या वाटेवर प्रेशर वॉशर जपून, जवळून मारला तर सुटी खडी उपटून येते. तेलाचे डाग साबणाच्या पावडरीने काढा. डाग खोल असेल आणि बोट दाबलं की तिथलं डांबर मऊ लागत असेल तर तो तुकडा बदला.

केसासारख्या भेगा सीलरने बंद होतात. ३ मिलिमीटरच्या वरची भेग मात्र आधी वेगळी भरायची. तारेच्या ब्रशने आतली माती आणि गवताची मुळं काढून, इमल्शन आणि बारीक वाळूचं पातळ मिश्रण ओतायचं, ते बसलं की पुन्हा ओतायचं. बोटभर रुंद भेगेला प्रीमिक्स लागतं.

सीलरचे दोन पातळ हात द्या. एका हाताला चौरस मीटरला अर्धा लिटर हा साधारण हिशेब, खरखरीत वाटेला जास्त. आमच्या १२० चौरस मीटरला दोन हातांना मिळून १२० लिटर धरले होते. पहिला हात पूर्ण काळा आणि कोरडा झाल्यावरच दुसरा, तोही आडवा. डबे तुमच्यासमोर उघडायला लावा, आणि डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त पाणी घालू देऊ नका. इमल्शन ढवळत राहायला हवं, नाहीतर तळाला घट्ट आणि वर पाणी अशी स्थिती होते आणि वाटेवर राखाडी पट्टे उमटतात.

नंतर २४ तास चालणंसुद्धा नको, गाडी ४८ तासांनी. जत्रेला पाहुणे यायचे असतील तर त्या आठवड्यात काम काढूच नका.

नंतर दिसणाऱ्या तक्रारी

थर पापुद्र्यासारखा सुटतोय: खाली धूळ, शेवाळ किंवा तेल होतं. सुटा भाग खरवडून, धुऊन तेवढाच पुन्हा करा. सगळ्यावर आणखी एक थर चढवलात तर दोन्ही एकत्र निघतील. दरवर्षी हौसेने सीलर मारणाऱ्यांच्या वाटेवरही हेच होतं. तीन वर्षांतून एकदा पुरे, तेही पेलाभर पाण्याची परीक्षा करून.

एप्रिलमध्ये टायरला चिकटतोय: थर जाड झाला आहे. वर कोरडी बारीक वाळू पसरून दोन-तीन दिवस ठेवा, मग झाडून टाका.

गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्याचे वळसे: पहिले काही आठवडे गाडी हलती ठेवूनच चाक वळवा. उमटलेले वळसे हळूहळू पुसट होतात.

स्कूटरच्या स्टँडने खळगे पडलेत: रस्त्यासाठी नेहमी वापरतात त्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मृदुता बिंदू, म्हणजे ते मऊ पडू लागतं ते तापमान, किमान ४७ अंश असावा, असं मानक सांगतं. भर उन्हात काळी वाट त्याच्याही वर तापते. आमच्याकडे आता गेटजवळ जुन्या फरशीचे दोन तुकडे ठेवलेले असतात, आणि सासूबाई प्रत्येक पाहुण्याला स्टँड त्यांवरच लावायला सांगतात.