जर्मन युद्धनौकांवरील संदर्भग्रंथ कसा पारखावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये राहून जर्मन आरमाराचा अभ्यास करू पाहणाऱ्या वाचकाची खरी अडचण समुद्र दूर आहे ही नसून, पुस्तक विकत घेण्यापूर्वी हातात घेऊन चाळता येत नाही ही आहे. या विषयावरील ग्रंथ बहुतेक इंग्रजी किंवा जर्मन भाषेत असतात, ते बाहेरून मागवावे लागतात आणि एकेका खंडासाठी काही हजार रुपये मोजावे लागतात. त्यामुळे विक्रेत्याने दाखवलेली पाच-दहा पाने, अनुक्रमणिका आणि शेवटची सूची एवढ्याच सामग्रीवरून ग्रंथाची लायकी ओळखण्याची सवय लावून घ्यावी लागते. काही मोजक्या नौकांची माहिती पक्की असेल, तर तेवढ्यावरही हे जमते.

खानदेशातील वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्यभर दप्तरे धुंडाळली, बखरींपेक्षा अस्सल कागदाला अधिक मान दिला, आणि त्यांच्या निधनानंतर धुळ्यात उभे राहिलेले संशोधन मंडळ त्यांचेच नाव चालवते. जर्मन नौकांच्या बाबतीतही बखर आणि अस्सल कागद असा भेद करता येतो. नौकांच्या युद्ध-दैनंदिन्या आणि नौदलाचे दप्तर १९४५ मध्ये जर्मनीतील टांबाख येथील गढीत दोस्तांच्या हाती लागले, तेथून ते लंडनला गेले, त्याच्या सूक्ष्मपट्ट्या (मायक्रोफिल्म) तयार झाल्या आणि पुढे मूळ कागद जर्मनीला परत मिळाले. आज ते फ्रायबुर्ग येथील लष्करी अभिलेखागारात आहेत. ज्या लेखकाने हे कागद पाहिले त्याचे पुस्तक एका प्रतीचे, आणि ज्याने युद्धकाळातील ब्रिटिश अंदाज व आधीची पुस्तके यांवरच भिस्त ठेवली त्याचे दुसऱ्या प्रतीचे. म्हणून सर्वप्रथम प्रस्तावना आणि साधनांची यादी मागून घ्यावी. यादीत केवळ इतर पुस्तकांचीच नावे असतील, तर ती बखर समजावी. ती वाचू नये असे नव्हे, पण तिच्यातील आकडा उतरवून घेऊ नये.

दुसरी गोष्ट ग्रंथाच्या वयाची. मुखपृष्ठामागे छापलेले वर्ष पुष्कळदा पुनर्मुद्रणाचे असते, मजकुराचे नसते. मी स्वतः एकदा चकचकीत नव्या बांधणीला भुलून पाणबुड्यांवरचा एक जाडजूड ग्रंथ मागवला आणि यू-८६९ चे (जर्मन पाणबुड्यांची नावे अशी ‘यू’ आणि क्रमांक मिळून होत) पान उघडताच फसगत लक्षात आली. ही पाणबुडी २८ फेब्रुवारी १९४५ रोजी जिब्राल्टरजवळ बुडाली असे युद्धोत्तर याद्यांत लिहिलेले होते. प्रत्यक्षात १९९१ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी किनाऱ्यापासून दूर पाणबुड्यांना तिचा सांगाडा सापडला (येथे पाणबुडे म्हणजे माणसे, हा शब्द मराठीत थोडा घोटाळ्याचा आहे), आणि १९९७ मध्ये आतून काढलेल्या सुट्या भागांच्या पेटीवरील पट्टीमुळे तिची ओळख पटली. माझ्या ‘नव्या’ ग्रंथात ती अजून जिब्राल्टरलाच होती. यू-१६६ हीदेखील अशीच उपयोगी कसोटी आहे. ती १ ऑगस्ट १९४२ रोजी विमानाच्या हल्ल्यात बुडाली असे पूर्वी मानले जाई. २००१ मध्ये मेक्सिकोच्या आखातात तिचा सांगाडा ‘रॉबर्ट ई. ली’ या तिनेच बुडवलेल्या जहाजाजवळ सापडला आणि ३० जुलैला त्या जहाजासोबतच्या गस्ती नौकेने तिचा शेवट केला होता हे स्पष्ट झाले. ‘ग्राफ झेपेलिन’ ही अपूर्ण राहिलेली विमानवाहू नौका लूट लादून नेत असताना सुरुंगाने बुडाली असे लिहिणारा ग्रंथ जुना आहे हे तर लगेच समजते, कारण सोव्हिएत नौदलाने १९४७ च्या ऑगस्टमध्ये तिला सरावाचे लक्ष्य म्हणून बुडवले, आणि तिचा सांगाडा २००६ मध्ये बाल्टिक समुद्रात सापडला.

आकड्यांच्या बाबतीत मात्र घाई करू नये, कारण दोन ग्रंथांतील आकडे वेगळे असूनही दोन्ही बरोबर असू शकतात. जिनिंगवाल्याची रुईची खंडी सुमारे ३५६ किलोंची, तर धान्याची खंडी वीस मणांची. ‘एक खंडी’ एवढेच ऐकून आपल्याकडे कोणी सौदा करणार नाही. टनाचेही तसेच आहे. ब्रिटिश टन सुमारे १,०१६ किलोंचा, मेट्रिक टन १,००० किलोंचा. शिवाय विस्थापन, म्हणजे नौकेने बाजूला सारलेल्या पाण्याच्या रूपाने मोजलेले तिचे वजन, ‘मानक’ आहे की ‘पूर्ण भार’ आहे हे सांगितले नसेल तर आकड्याला अर्थ उरत नाही. मानक विस्थापन ही संज्ञा १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने रूढ केली आणि तिच्यात इंधन धरले जात नाही. दुसऱ्या महायुद्धातील ‘बिस्मार्क’ या बॅटलशिपचे (सर्वांत जड तोफा व चिलखत असलेल्या युद्धनौकेचे) मानक विस्थापन सुमारे ४१,७०० मेट्रिक टन आणि पूर्ण भारासह ५०,००० टनांच्या वर होते. तिसरा आकडा राजकारणाचा आहे: करारमदाराच्या मर्यादेत बसावे म्हणून जर्मनीने ही नौका ३५,००० टनांची असल्याचे जाहीर केले होते. ‘शार्नहोर्स्ट’ ही त्याच काळातील मोठी युद्धनौकाही २६,००० टनांची म्हणून जाहीर झाली, आणि होती ३२,००० टनांहून अधिक. ग्रंथात ३५,००० आणि २६,००० हे आकडे कोणत्याही खुलाशाविना दिसले, तर लेखकाने जर्मन सरकारचे पत्रक उतरवून काढले असे समजावे.

तोफांच्या बाबतीतही हेच पथ्य पाळावे. जर्मन कागदांत ‘२८ सेंटिमीटर’ असे नाव असले तरी ‘शार्नहोर्स्ट’च्या तोफेचा प्रत्यक्ष व्यास २८.३ सेंटिमीटर होता, आणि ब्रिटिश पुस्तके तिलाच ११ इंची म्हणतात. ‘बिस्मार्क’च्या ३८ सेंटिमीटर तोफेची लांबी सांगताना नळीची संपूर्ण लांबी धरली तर ती व्यासाच्या सुमारे ५२ पट भरते, आणि आतील पोकळीच मोजली तर सुमारे ४८ पट. हा फरक ज्या ग्रंथाच्या आरंभीच्या टिपेत उलगडून सांगितलेला असतो, त्याच्या कोष्टकांवर मी अधिक विश्वास ठेवतो.

नावांची सूची पाहणे ही माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्दय परीक्षा आहे. मद्रासवर २२ सप्टेंबर १९१४ रोजी तोफा डागणारी ‘एमडन’ भारतीय वाचकाच्या ओळखीची असते. पण १९४५ पर्यंतच या नावाचे तीन क्रूझर (बॅटलशिपहून हलक्या, वेगवान युद्धनौका) झाले, आणि त्यांचे जलावतरण अनुक्रमे १९०८, १९१६ व १९२५ मध्ये झाले. त्याच २२ सप्टेंबरला उत्तर समुद्रात तीन ब्रिटिश क्रूझर बुडवणारी यू-९ आणि दुसऱ्या महायुद्धातील यू-९ या वेगळ्या पाणबुड्या आहेत. सर्वांत अवघड नाव ‘ल्युट्सो’. त्या नावाची एक बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांची, पण वेगासाठी चिलखत कमी ठेवलेली युद्धनौका) १९१६ मध्ये जटलंडच्या लढाईत कामी आली. दुसरी ‘ल्युट्सो’, हिपर वर्गातील (म्हणजे ‘हिपर’च्याच आराखड्याची) क्रूझर, अर्धवट अवस्थेत १९४० मध्ये सोव्हिएत संघाला विकली गेली. आणि त्याच वर्षी ‘डॉइचलँड’चे नाव बदलून ‘ल्युट्सो’ ठेवण्यात आले. सूचीत या तिघी एकाच ओळीत, वर्षाविना, नुसत्या पृष्ठांकांसह दिलेल्या असतील तर पुस्तक परत ठेवावे.

नावांआधीची अक्षरेही बोलकी असतात. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, काळातील नौकांना ‘एसएमएस’ (‘सम्राटाचे जहाज’ या जर्मन शब्दांची आद्याक्षरे) हे उपपद अधिकृत होते, हिटलरच्या काळातील नौकांना असे कोणतेच नव्हते. त्यामुळे ‘केएमएस बिस्मार्क’ असे सर्रास लिहिणारा ग्रंथ परक्या सवयीवर चाललेला असतो. ‘डॉइचलँड’सारख्या नौकांचे ‘पॉकेट बॅटलशिप’ हे नावही ब्रिटिश वृत्तपत्रांनी रूढ केलेले, आणि ‘शार्नहोर्स्ट’ला ब्रिटिश बॅटलक्रूझर म्हणत, जर्मन मात्र बॅटलशिप.

छायाचित्रांसाठी पुस्तक घ्यायचे असल्यास तारखा पाहाव्यात. ‘बिस्मार्क’च्या अंगावरचे काळे-पांढरे पट्टे मे १९४१ मध्ये ती नॉर्वेच्या किनाऱ्याशी उभी असतानाच करड्या रंगाने झाकण्यात आले, तेव्हा पट्टे स्पष्ट दिसणारे चित्र २४ मेच्या लढाईचे म्हणून छापले असेल, तर ते चूक आहे.

एरिश ग्रोनर यांच्या जर्मन युद्धनौकांच्या सूचिग्रंथाचे नाव या क्षेत्रात सतत ऐकू येईल, आणि ते योग्यच आहे. १९३० च्या दशकात सुरू झालेले हे काम पुढे डीटर युंग आणि मार्टिन मास यांनी वाढवले. तरीही मागवताना कोणती आवृत्ती हे विचारून घ्यावे. १९९० व १९९१ मध्ये निघालेल्या दोन इंग्रजी खंडांपैकी पहिल्यात मोठ्या नौका आणि दुसऱ्यात पाणबुड्या व सुरुंगनौका आहेत. मदतनौका आणि किरकोळ जहाजे हवी असणाऱ्याला अनेक खंडांची जर्मन आवृत्तीच पाहावी लागते. त्यात मापे, यंत्रे, तोफा आणि शेवट हे सारे दाटीवाटीने भरलेले आहे, लढायांची कथा मात्र जवळजवळ नाही. ज्याला ‘एमडन’च्या सफरीची हकीकत हवी आहे, त्याने हे खंड घेऊन पैसे अडकवू नयेत, आणि ज्याला तिच्या बॉयलरांची संख्या हवी आहे, त्याने सफरीच्या पुस्तकात ती शोधू नये.