एकरात किती शेळ्या? आधी शेळी खाते कशी ते बघा

मुरबाड-शहापूरकडे आता बरेच जण गिनी गवत नाहीतर स्टायलो (शेंगवर्गातला चारा) लावून शेळ्या त्यातच चरायला सोडतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला, एकरात किती बसतील? जूनचं गवत आणि ऑगस्टचं गवत एक नसतं हो, त्यामुळे आधी अर्धा तास बांधावर बसून नुसतं बघा.

गवत भरपूर असलं की शेळी वरचा कोवळा शेंडा, पात तेवढी तोडते, घास मोठा घेते आणि पोट भरलं की निवांत बसून रवंथ करते. शेळ्या जास्त झाल्या, गवत खाली गेलं की घास छोटा होतो, मग भरपाई म्हणून ती तोंड भराभर चालवते, जास्त वेळ चरते, भर दुपारी पण मान खालीच. बघणाऱ्याला वाटतं वा काय मस्त चरतायत, पण तिचं पोट भरलेलं नसतं, आणि एका मर्यादेनंतर कितीही वेळ चरली तरी भरत नाही.

त्यात आपल्याकडचा पाऊस. जंताच्या अळ्या गवताच्या बुडाशी, साधारण चार बोटांपर्यंत जास्त असतात, वरचं संपलं की शेळी नेमकं तेच खाते. एका श्रावणात मी लोभापायी गवत पार खरडू दिलं आणि दोन करडं गेली, पापण्या आतून पांढऱ्याफटक पडल्या होत्या (जंतांनी रक्त प्यायल्याची खूण), ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. तेव्हापासून गिनी गुडघ्याच्या वर आलं की शेळ्या आत आणि वीतभर उरलं की बाहेर, पोट भरो न भरो, वरून सुबाभळीचा पाला घालायचा (तो पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको).

लेंडीतल्या अंड्यांपासून शेळीला बाधणारी अळी तयार व्हायला दमट हवेत साधारण आठवडा लागतो, म्हणून एका तुकड्यात चारच दिवस ठेवतो. आठ तुकडे पाडले की प्रत्येकाला 28 दिवस विश्रांती मिळते, गिनीला पावसाळ्यात तेवढी पुरते.

आता हिशोब. 30 किलोच्या शेळीला दिवसाला सुमारे 5 किलो हिरवा चारा धरा, 20 शेळ्यांना 100, चार दिवसांचे 400. एक चौरस मीटर गवत वीतभर ठेवून कापा आणि वजन करा, किलोभर भरलं तर तुडवणं धरून पाच गुंठ्याचा तुकडा लागतो. असे आठ तुकडे म्हणजे 40 गुंठे, म्हणजेच एकरात 20 शेळ्या. हे फक्त पावसाळ्यातलं, उन्हाळ्यात परत मोजायचं.

शेळ्या कमी असल्या तरी त्रास आहेच, त्या फक्त पात निवडत फिरतात, काड्या उरतात, गवत फुलोऱ्यावर येऊन जरठ होतं. अशा वेळी दुभत्या शेळ्या आणि करडं आधी सोडा, भाकड शेळ्या आणि बोकड त्यांच्या मागून, आणि उरलेल्या काड्या विळ्याने वीतभर ठेवून कापून टाका, नवा फुटवा कोवळा येतो.