जुन्या लेथचं काय केलंत?

पीएचडीसाठी भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या शेडमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारी मशीन कशी शिरली, हे शोधायला निघालो तेव्हा हातात चाळीस प्रश्नांची छापील प्रश्नावली होती. पहिलाच प्रश्न, 'सीएनसी का घेतलंत?' सगळीकडे एकच उत्तर: 'क्वालिटीसाठी.' दोन महिने असेच गेले.

मग एका शेडमध्ये चहाची वाट बघताना कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेला लेथ, म्हणजे हाताने चालवायचं धातू कातायचं यंत्र, दिसला. 'याचं काय करता आता?' एवढंच विचारलं, आणि मालक तासभर बोलत राहिले. माल घेणाऱ्या कंपनीने दम भरला होता, कर्जाला भावाची सही लागली, आणि जुने टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे कारागीर, अजूनही एकटा-दुकटा सुटा भाग त्या लेथवरच काढतात. प्रश्नावलीत यातलं काहीच बसत नव्हतं. आता मी सुरुवातच जुन्या मशीनपासून करतो.

मशीन कोणत्या साली घेतली हे विचारलंत तर ते साल तपासून घ्या. रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांचा अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या संकरित मक्याच्या बियाण्यावरचा १९४३ चा अभ्यास, नवं तंत्र कसं पसरतं या विषयात सगळे वाचतात. त्यांनाही शेतकऱ्यांच्या आठवणीवरच भिस्त ठेवावी लागली होती. मी बिल किंवा कर्जाचे कागद मागतो. नसतील तर 'थोरलीच्या लग्नाआधी की नंतर?' असं विचारतो. आकडा बरोबर येतो.

ऑपरेटरशी मालकासमोर बोलू नका. शिफ्ट सुटताना टपरीवर गाठा. रेकॉर्डर बंद करून खिशातच राहू द्या.

पेटंटची आकडेवारी टेबलावर बसून मिळते, म्हणून मोह होतो. पण आपल्याकडे अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यामुळे आलेखाचं शेवटचं टोक खाली झुकलं की संशोधन आटलं असं लिहून बसू नका. (मी लिहिलं होतं. गाइडनी लाल पेनाने नुसतं हसरं तोंड काढलं.) शिवाय भंगारातल्या पट्ट्या जोडून केलेलं जिग (काम करताना भाग जागेवर धरून ठेवणारा साचा) पेटंटच्या यादीत कधीच येत नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळी होती. मी चालू शेडच मोजत होतो. ज्यांना सीएनसी परवडलं नाही आणि ज्यांनी शटर ओढलं, ते माझ्या यादीत नव्हतेच. ते सापडले जुन्या मशीनच्या दलालाकडे. कुठल्या शेडमधून कुठला लेथ आला, याची त्याच्याकडे वही होती. फोटो काढू देईना. दोन दुपारी त्याच्या गाळ्यात बसून हातानेच उतरवून घेतली.